साडेचार हजारांच्या पुढे

रबाळ्याला, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
हर्षाली भगतनं दोन टर्बो टेबलावर ठेवले.
एक वाटीएवढा, एक नारळाएवढा.
मध्ये तिचा चहा.
मी आधी नारळाकडे पाहिलं
आणि तिनं मला पाहताना पाहिलं.

'गाडी कुठली?'
बलेनो. जुनी, सोळाशे सीसी.
पिस्टन बदललेत, रॉड बदललेत,
घरी सांगितलंय, क्लच गेला होता.
'हं,' म्हणाली, आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

मग कॉम्प्रेसरचा नकाशा उलगडला.
मला वाटलं होतं साधा आलेख असेल;
ही तर खाडी निघाली,
बेटाच्या पोटात बेट, त्याच्या पोटात आणखी एक.
'ह्या मधल्यावर हवा कमीत कमी तापते. इथं राहायचं.
ही डावी रेघ ओलांडलीस
तर हवा उलटी फिरते, टर्बो भुंकतो.
भरतीला उघाडीचं दार निसटावं तसं.'
घणसोलीला तिच्या आजोबांचं मिठागर होतं.
आता तिथं सोसायटीचं पार्किंग आहे,
हे सांगताना ती गॅस्केट शोधत होती.

मी म्हटलं, मोठाच बसव.
'जायचंय कुठं?'

कोपरखैरण्याहून महापे. रात्रपाळी.
सर्व्हर गार ठेवायची नोकरी.
'सिग्नल किती?'
मोजले नव्हते.
'आठवडाभर मोज. आणि काट्यावर नजर ठेव,
साडेचार हजारांच्या पुढे किती वेळ असतोस.
मोठा तिथं जागा होतो.
तोवर तो बोनेटखालचं नुसतं ओझं.'

मोजलं.
सोमवार शून्य. मंगळवारी पाच सिग्नल, शून्य.
बुधवारी मुद्दाम पाम बीचला गेलो, पहाटे साडेचारला,
तिसऱ्या गिअरमध्ये ताणली,
अकरा सेकंद,
मग कॅमेऱ्याचा खांब.
गुरुवारी महापे सर्कलला कंटेनर आडवा,
शुक्रवारी सासऱ्यांना डायलिसिसला नेलं,
दोन हजारांवरही ते म्हणत राहिले, हळू, हळू.
शनिवारी गाडी काढलीच नाही.
रविवारी धुतली.

चिठ्ठी वाचून ती हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.
'अकरा सेकंदांसाठी लोक तीन-तीन वर्षं हप्ते भरतात,
मी कुणाला नाही म्हणत नाही.
पण छोटा अठ्ठावीसशेला उठेल.
तळवलीच्या पुलाच्या चढावर
पाठीला हात लावून ढकलेल तुला.
सहा हजारांवर दमेल, खरंय.
पण तू तिथं नसतोसच.'

शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर सुरू झाला
आणि बराच वेळ कुणालाच काही बोलता आलं नाही.

मी मोठा उचलला.
गार, रॉकेलचा वास, मनगटाला ओढ लावणारं वजन.
तोंडाशी धरून फुंकर मारली.
चाक फिरलं.
आवाज नाही, खरखर नाही,
माझी फुंकर संपली तरी ते फिरतच राहिलं,
पाती दिसेनाशी, मग दिसू लागली,
मग एकेक मोजता येईल इतकी सावकाश.
थांबेपर्यंत आम्ही दोघंही बघत होतो.
तिच्या चहावर साय धरली.

'बेअरिंग चांगली आहेत,' ती म्हणाली.

छोट्यासाठी दहा हजार आगाऊ दिले.
पावती घडी करून खिशात घातली,
शटरपर्यंत गेलो, परत फिरलो.
म्हटलं, मॅनिफोल्डला फ्लँज मोठ्याच्या मापाची मार.
छोट्याला मध्ये जोड दे काहीतरी.
पुढंमागं, म्हणजे, लागली तर.

'पावती वाच,' ती मान वर न करता म्हणाली.

उघडली.
तिच्या तिरक्या अक्षरात, छोट्या टर्बोच्या खाली,
मी बोलायच्या आधीच लिहिलेलं:
फ्लँज मोठी. जोडपट्टी, एक नग, अठराशे.